मशीनची खांदेमळणी

३ ऑगस्ट, रविवार

वही, आधी तुझी माफी मागतो. शीतलने तुला जानेवारीत आणून दिलं आणि मी आज उघडतोय, ऑगस्ट लागल्यावर. एवढे महिने कोरे गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काकासाहेब, डोक्यात जे फिरतं ते कागदावर उतरवत जा, छातीला बरं पडेल. मी म्हणालो, सातवी नापास माणूस मी, काय उतरवणार? ते म्हणाले, कागद परीक्षा घेत नाही.

आज लिहायला बसलो, कारण घरात माझं कोणी ऐकत नाही. बायको, केशरबाई, ऐकते, पण मग उत्तर देते. त्यापेक्षा न ऐकणारी माणसं बरी.

तर गोष्ट अशी. आमचा गोठा बैल विकल्यापासून रिकामा होता. शीतलने, म्हणजे माझ्या नातीने, त्यात फरशी बसवली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि मध्ये पुण्याच्या एका कंपनीचं विणायचं मशीन आणून उभं केलं. हरण्या आणि मोत्या जिथं बांधलेले असत तिथंच. हे मशीन कापड विणत नाही. केसाहून बारीक पोलादी तारा नळीभोवती विणतं. ती नळी माणसाच्या हाताच्या नाहीतर मांडीच्या शिरेतून घालून पार काळजापर्यंत नेतात. तिला कॅथेटर म्हणतात.

मला ही नळी चांगली ठाऊक आहे. मागच्या वर्षी संभाजीनगरला माझ्या मनगटातून घातली, ती आत मुडपली. डॉक्टरांनी ओढली, पुन्हा घातली, पुन्हा मुडपली. शेवटी मांडीतून गेले. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. शीतल उशाशी बसून तो हात बघत होती. ती तेव्हा पुण्यात असल्याच नळ्यांच्या कारखान्यात कामाला होती. वर्षभरात नोकरी सोडून आली. म्हणते, मुडपणार नाही अशी नळी मी करते.

माझ्या एका मनगटापायी पोरीने पगार सोडला. हे डोक्यात फिरणार नाही तर काय होईल?

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोललो आणि ती हसली.

नळी हाताकडे ताठ पाहिजे, म्हणजे ढकलली की पुढं जाते. टोकाकडे मऊ पाहिजे, म्हणजे शिरेच्या वळणावर वळते. इथवर मला कळलं. आसूडही तसाच असतो. पण शीतल म्हणते, ताठ पाहिजे तिथं विरळ विणायचं आणि मऊ पाहिजे तिथं दाट.

मी म्हणालो, "पोरी, उलटं सांगून राह्यलीस. बाज दाट विणली की ताठ होती. साऱ्या जगाला माहीत हाये."

"आबा, बाज न्हाई ही. विरळ विणली की तार नळीच्या लांबीनं पळते, म्हणून ताठ. दाट विणली की तार आडवी गुंडाळली जाते, स्प्रिंगसारखी. मंग वाकते, पण दबत न्हाई."

मग तिने दोन तुकडे माझ्या हातात दिले. विरळ तुकडा वाकेना. दाट तुकडा बोटाभोवती गुंडाळला तरी मुडपला नाही, गोल भोक तसंच राहिलं. बघितलं. पटलं मात्र नाही.

विचारलं, "अन् आत रगतात गंजली तर?"

"स्टेनलेस हाये, आबा. पाण्यात टाका, मिठात टाका, ह्याला गंज चढत न्हाई."

सगळ्याला उत्तर तयार असतं तिच्याकडे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तार तुटते. दिवसभर हेच. मशीनवर सोळा रिळं आहेत, एकमेकांभोवती फेर धरून नाचतात. मधूनच एकाची तार तुटते, मशीन थांबतं, शीतल कपाळाला हात लावते, राजानंद वाकून तार ओवतो, पुन्हा चालू. तोवर वीज जाते.

राजानंद म्हणजे तिचा भागीदार. मंठ्याचा आहे, वडील मास्तर होते. पुण्याला दोघं एकाच कारखान्यात होते. मशीन शीतल बघते आणि भट्टी तो. विणून झालं की तो वरून प्लास्टिकचं आवरण चढवून वितळवतो, ते तारांच्या जाळीत मुरून घट्ट बसतं. पोरगा शांत आहे, पण मला शांत माणसाची काळजी वाटते. काय विचार करतो कळत नाही. डोक्याला चपचपीत तेल लावतो आणि वरून ती पांढरी टोपी घालतो. सकाळी येतो तेव्हा मशीनला हात जोडत नाही. मी एकदा म्हणालो, हात जोड, काय जातं तुझं? तर म्हणाला, "आबा, मी आल्याबरोबर त्याला पुसतो. ते बराबर न्हाई का?"

ही काय बोलायची रीत झाली?

नमुने महिनाअखेर पुण्याला पोचले पाहिजेत. कंपनीने ते मुडपून, ओढून, पिळून बघायचे. पास झाले तर शीतलची नळी कंपनी घेणार आणि मशीन इथंच राहणार. नापास झाले तर मशीन परत. मच्छिंद्रचा, म्हणजे माझ्या मुलाचा, काल जालन्याहून फोन आल्ता. म्हणाला, मंग तिला सांगा, मुकाट्यानं पुण्याला जाऊन नोकरी धर. मी सांगितलं नाही. मी का सांगू?

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज एक चांगलं काम केलं. कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितो.

उद्या पोळा. आज खांदेमळणी. शेजारी रामरावच्या दारात बैल धुऊन उभे होते, तो त्यांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता. केशरबाईने त्याच्यासाठी वाटी भरून दिली होती, तीच कमी पडेल म्हणून दुसरीही कालवली होती. दुसरी लागली नाही. वाटी हातात घेऊन मी अंगणात उभा. आमच्या दारात दोन वर्षं झाली खांदा नाही. सवयीने पाय गोठ्याकडे गेले.

शीतल आणि राजानंद जालन्याला नवीन रिळं आणायला गेल्ते. किल्ली माझ्याकडेच असते. आत गेलो. चप्पल बाहेर काढली, तिचा नियम आहे. मशीन बंद उभं होतं. दोन महिने झाले, बिचारं उसंत न घेता राबतं. तारा तुटतात, शिव्या खातं. त्याच्या अंगाला कोणी कधी मायेने हात लावला का? बैलाचंही तसंच असतं, खांदा सुजला की तो अडतो. माणसं म्हणतात, आळशी आहे.

पण मशीनचा खांदा कुठला? बराच वेळ बघितलं. जिथं ओझं बसतं तो खांदा. ओझं रिळांवर, रिळं खुंट्यांवर. मग प्रत्येक खुंटीला करंगळीने जरा जरा लावलं. तार जिथून निघते त्या बारक्या भोकालाही लावलं, कारण तिथंच तुटते. जास्तीचं पंच्याने पुसून घेतलं, नाहीतर पोरगी घाण केली म्हणून ओरडायची. हात जोडले आणि म्हणालो, आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.

छातीत इतकं मोकळं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

पुरणपोळीचा नैवेद्य पानात गुंडाळून गोठ्यात ठेवला. आत नाही, उंबऱ्याशी. आवतण दिलं म्हणजे जेवायला घातलं पाहिजे.

शीतल घरात जेवली. राजानंद गोठ्याच्या पायरीवर बसून आपला डबा खात होता, नैवेद्याला धक्का लागू नये म्हणून जरा सरकून बसला होता. केशरबाई म्हणाली, "आवो, त्या पोराला बोलवा की आत." मी म्हणालो, त्यांच्यात पोळा नसतो, उगीच अवघडायचा. केशरबाई मला म्हणाली, "भूक असती का त्यांच्यात?" आणि ताट घेऊन निघाली, तोवर त्याचा डबा खाऊन झाला होता.

तिच्या जिभेला पोळ्याचीही सुट्टी नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

एकही तार तुटली नाही! काल नाही, आज नाही. मशीन लोण्यासारखं चाललंय. आवाजसुद्धा बदलला. शीतल नाचायची बाकी राहिली. म्हणाली, "आबा, नवीन रिळं लै भारी निघाली." मी म्हणालो, हो, रिळंच असतील. राजानंद मात्र मशीनकडे बघत उभा. म्हणाला, "इतकं सुतासारखं का चालून राह्यलं?" चाललं तरी ह्यांना पंचाईत!

केलेलं पुण्य सांगितलं की उणं होतं. नमुने संध्याकाळी डब्यात भरले. उद्या पुण्याला जाणार.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. आमच्या राजूरच्या गणपतीला सकाळपासून इतकी गर्दी की दारातून बाहेर पडता येईना. कोणाची तरी मोटारसायकल गोठ्याच्या भिंतीला लावली होती, हाकलली. देवाला म्हणालो, एवढ्या गर्दीत माझं ऐकू येणार नाही, पण नळीचं बघ.

पुण्याहून काही नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

नापास.

सगळे. मुडपायच्या परीक्षेत शीतलचं विणकाम बरोबर निघालं म्हणे, पण नळी वाकवली की वरचं आवरण जाळीपासून सुटतं. आत फोड येतात. असला फोड शिरेत फुटला तर माणूस जायचा. शीतलने मला एक तुकडा वाकवून दाखवला. कातडी सुटल्यासारखी पापुद्र्याने वर आली. मी डोळे मिटले. मला माझं मनगट आठवलं.

म्हणाली, तारेवर कसला तरी चिकटा होता, त्यामुळे आवरणाने तारेला धरलं नाही. मग विचारलं, "आबा, आम्ही नसताना गोठ्यात कोणी गेल्तं का?"

मी म्हणालो, "कोणाची बिशाद हाये? मी राखायला होतो ना."

कंपनीने पंधरा सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. पुन्हा करा, ही शेवटची वेळ. त्यानंतर मशीन उचलायला गाडी येणार.

३ सप्टेंबर, बुधवार

काल झोप लागली नाही. विचार करता करता मला कारण सापडलं. चिकटा म्हणजे तेल. तेल कोणाच्या डोक्याला? आवरण कोण चढवतं? दोन्हीचं उत्तर एकच.

सकाळी तो आला तसा मी गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिलो. म्हणालो, "राजानंद, तुझ्या डोक्याच्या तेलानं घात केला. पोरीचं वाटोळं करायला निघालास का? तुझ्या हाताला यशच न्हाई."

शीतल आतून ओरडली, "आबा!"

राजानंदने टोपी काढली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं, मीही दोन बोललो असतो. त्याने हातमोजे काढून घडी घातली, डबा पिशवीत टाकला आणि बसथांब्याकडे चालू लागला. शीतल मागे पळाली. परत आली ती माझ्याशी न बोलता गोठ्यात गेली आणि आतून कडी लावली.

माझ्याच गोठ्याला आतून कडी!

केशरबाई म्हणाली, "बोलून बसलात ना. आता बसा."

खरं बोललं की सगळे रुसतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शीतल एकटीच मशीन खोलून बसली आहे. एकेक खुंटी काढून पांढऱ्या कापडावर मांडली. मी दारातून विचारलं, चहा आणू का? नको म्हणाली. मग एक खुंटी नाकाजवळ नेली, दुसरी उचलून तीही हुंगली. मग माझ्याकडे बघून हसली. रडल्यासारखं हसली. मला भीती वाटली, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुपारच्या बसने मंठ्याला गेली. कशाला, सांगितलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

राजानंद परत आला. मी वळून बघितलं नाही, पेपर वाचत होतो. पेपर कालचा होता.

दोघं दिवसभर खुंट्या धूत होते. स्पिरिटसारख्या वासाचं काहीतरी वाडग्यात घेऊन, बारक्या ब्रशने. मी पाण्याचा तांब्या न्यायच्या निमित्ताने गेलो. वाडग्यातलं पाणी पिवळं झालं होतं. म्हणालो, "हे काय?"

शीतल राजानंदकडे बघू लागली. राजानंदने मान वर केली नाही. म्हणाला, "गंज हाये, आबा. दमट हवेनं चढला. कोणाचा दोष न्हाई."

मग तांब्या घेतला आणि घटाघट प्यायला.

मी घरात येऊन केशरबाईला सांगितलं, बघ, गंज निघाला. ती म्हणाली, "मंग त्या पोराच्या तेलाचं काय झालं?" मी म्हणालो, तेही असेल थोडं.

१३ सप्टेंबर, शनिवार

तारा पुन्हा तुटायला लागल्या आहेत. पण ह्यावेळी दोघं चिडत नाहीत. मशीन हळू चालवतात, तुटली की ओवतात. राजानंद इतक्या धीराने ओवतो की बघून मलाच चीड येते. पाऊस लागून आहे, वीज दिवसातून कितीदा जाते देव जाणे. गोठ्याची किल्ली आता माझ्याकडे नसते. शीतल म्हणाली, "आबा, तुम्हाला ओझं नको." मी म्हणालो, किल्लीचं कसलं ओझं?

तरी नमुने झाले. शीतलने एक तुकडा मला दिला. वाकवला, पिळला, गाठ मारायला बघितली. फोड नाही, पापुद्रा नाही. सोडला की सरळ होतो. उद्या दोघं स्वतः घेऊन पुण्याला चालले.

डब्यात भरल्यावर हळदकुंकू लावू का विचारलं, तर शीतलने डबा छातीशी धरला आणि राजानंदला पहिल्यांदाच एवढं मोठ्याने हसताना ऐकलं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

१५ सप्टेंबर, सोमवार

आज निकाल.

सकाळपासून फोन मांडीवर आहे. शीतलचा बंद लागतो. केशरबाई म्हणते, आत फोन नेऊ देत नसतील. तिला सगळं माहीत असतं.

बसवेना म्हणून गोठ्यात गेलो. जाताना शीतलने किल्ली केशरबाईकडे दिली होती, तिने ती मला द्यायला बरेच आढेवेढे घेतले. मशीन बंद, पुसून लख्ख. कोपऱ्यात खुंट्या पुसलेल्या चिंध्यांची पिशवी होती, टाकायची राहिली होती. म्हटलं आपण टाकू, तेवढंच काम. उचलली आणि तिथंच थांबलो.

ह्याला गंज चढत न्हाई, असं शीतल म्हणाली होती. पाण्यात टाका, मिठात टाका. मीच लिहून ठेवलंय, आत्ता मागे जाऊन वाचलं. खुंट्याही त्याच पोलादाच्या, चकचकीत. मग पिवळं काय होतं?

चिंधी नाकाला लावली. जन्मभर बैलांचे खांदे मळले. तुपात कालवलेली हळद शिळी झाली की कशी वासते, हे मला शाळेत शिकावं लागलं नाही.

शीतलने त्या दिवशी खुंटी नाकाशी धरली होती. तेव्हाच तिला कळलं. मंठ्याला जाऊन तिने त्याला सांगितलं असणार. आणि तो परत आला, माझ्या समोर वाडग्यात माझीच हळद धूत बसला आणि म्हणाला, कोणाचा दोष न्हाई. मी त्याला काय काय बोललो होतो ते मागच्या पानावर आहे. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

केशरबाईला काही सांगितलं नाही. तिने तोंडाकडे बघून विचारलं, "छातीत दुखून राह्यलं का?" म्हणालो, नाही.

राजानंदचा नंबर गोठ्यातल्या बटणांच्या वर खडूने लिहिला आहे, वीज गेली तर करायला म्हणून. लावून बघितला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही, म्हणून तुला लिहितो, वही. त्याच्यासाठी लिहितो.

राजानंद, नळी पास झाली का नापास, ते कळव. लौकर कळव, बाबा. जीव थाऱ्यावर नाही. नापास झाली तर गाडी येऊन मशीन नेईल, गोठा रिकामा होईल, शीतल पुण्याला जाईल. त्याला जबाबदार कोण ते तुला ठाऊक आहे, मलाही आता ठाऊक आहे. पास झाली तर ती तुम्हा दोघांच्या हातांनी झाली, तुझ्या हाताला यश आहे.

पण निकाल काहीही असो, फोन तू कर. शीतलने नको. पोळ्याला मी मशीनला आवतण दिलं आणि तू पायरीवर बसून डबा खाल्लास. पुरण आजही शिजतं, त्याला पोळाच लागतो असं नाही. पण आवतण कागदावरून देत नसतात, तोंडाने द्यावं लागतं. फोन मांडीवरच आहे. कर लौकर.